कोरडवाहू : कोरडं काय आणि वाहतं कोण?

सोमवारच्या स्टेटस कॉलला सगळे जमेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात ना, त्यात जगभर एकच विषय चालतो. हवामान. आमचा क्लायंट नेदरलँड्सचा. २०२५ च्या मे महिन्यात तिथला एक सहकारी घरामागच्या बागेबद्दल सांगत होता. पाऊस नाही, हिरवळ पिवळी पडली, सगळं कसं अगदी 'कुर्कड्रोख' झालंय म्हणाला. मी विचारलं, हे काय नवीन? तर कुर्क म्हणजे बाटलीचं बूच आणि ड्रोख म्हणजे कोरडं. बुचासारखं कोरडं ते कुर्कड्रोख. वर त्याने आणखी एक शब्द फुकट दिला, 'खोर्टड्रोख'. खोर्ट म्हणजे जवाचा भरडा. भरड्यासारखं कोरडं.

मला मजा वाटली. ज्या देशाची साधारण पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, ज्यांनी शेकडो वर्षं पाणी बाहेर उपसण्यात घालवली, त्यांच्याकडे कोरडेपणासाठी असे दोन-दोन जोडशब्द! (तसे त्यांचेही दिवस पालटलेत म्हणा. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या सरकारने रीतसर पाणीटंचाई जाहीर केली होती.)

मग साहजिकच प्रश्न आला, "तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, कोरडाठाक. तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण उगाच हुशारी. म्हटलं, आमच्याकडे शेतासाठी एक खास विशेषण आहे, 'कोरडवाहू'. त्याने विचारलं, शब्दशः अर्थ काय? मी एका सेकंदात ठोकून दिलं, "ड्राय कॅरीइंग." कोरडेपणा वाहून नेणारं शेत. तो खूश. फार काव्यमय आहे म्हणाला. मीटिंग सुरू झाली आणि मी म्यूटवर बसून स्वतःलाच शिव्या घालत राहिलो. कारण मी सांगितलं ते साफ चूक होतं. चूक करणारा माणूस परभणी जिल्ह्यातला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, दाखल्यांवर आणि अर्जांवर हा शब्द शंभर वेळा लिहिलेला!

तर आज हाच शब्द उलगडून बघू. बरं का, ही नुसती शब्दांची गंमत नाही. या शब्दाच्या एका अर्ध्याला सरकारदरबारी भाव आहे आणि दुसऱ्या अर्ध्याला नाही, अशी माझी तक्रार आहे. पण ते शेवटी.

'कोरड' सोपं आहे. कोरडा या विशेषणाचा शेवटचा 'आ' समासात गळतो. घोडा-घोडदौड, पांढरा-पांढरपेशा, तसंच कोरडा-कोरडवाहू. (पांढरपेशा आणि कोरडवाहू एकाच साच्यातले शब्द निघावेत हे आमच्या घरापुरतं तरी बोलकं आहे.) कोरडा हा आपल्या भागात फार राबणारा शब्द. घशाला कोरड पडते. दुष्काळ कोरडा असतो, आश्वासनं कोरडी असतात. भाकरीसोबत जे कालवण लागतं त्याला कितीतरी गावांत 'कोरड्यास' म्हणतात. म्हणजे कोरड्या भाकरीला लावायला काहीतरी. चतुर्थी विभक्तीचं रूप आणि तेच पदार्थाचं नाव! व्याकरण ताटात वाढलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

अडचण 'वाहू'ची आहे.

शहरातल्या कुठल्याही मित्राला विचारा, वाहणे म्हणजे काय? पहिलं उत्तर, नदी वाहते. दुसरं, ओझं वाहणे. थोडा विचार करून तिसरं, देवाला फुलं वाहणे. (श्रद्धांजली वाहणे आणि शिव्यांची लाखोली वाहणे हेही तिथेच आलं.) चौथं उत्तर पुण्यात मला आजवर कुणी दिलेलं नाही. जमीन वाहणे. म्हणजे नांगरणं, वखरणं, पेरणं, थोडक्यात शेत करणं. आमच्याकडे 'रान कोण वाहतं?' असं सरळ विचारतात. 'दोन वर्षं झाली, चुलत्यानं बटईनं वाहायला घेतलंय' असं उत्तर येतं. वहिती जमीन, वाहीपेरी हे शब्द तिथूनच आले. कागदपत्रांत 'वहिती' अजून जिवंत आहे, फक्त वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी वहीबिहीचा संबंध असावा.

हे वाहणे नदीच्या वाहण्यापेक्षा वेगळं वागतं याचा पुरावा व्याकरणातच आहे. भूतकाळात टाकून बघा. 'नदी वाहिली', पण 'त्याने शेत वाहिलं'. तो 'ने' आला की समजायचं, इथे कुणीतरी करणारा आहे आणि केलं गेलेलं काहीतरी आहे. नदीला 'ने' लागत नाही, ती आपोआप वाहते. शेत आपोआप वाहत नाही.

लहानपणी मला खरंच वाटायचं की कोरडवाहू म्हणजे जिथे ओढा कोरडा वाहतो ते शेत. आमच्या शेताच्या कडेचा ओढा वर्षातले आठ महिने कोरडाच 'वाहायचा', त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं. :-)

आता हा 'वाहू' आणखी कुठे कुठे दिसतो ते बघा. मालवाहू ट्रक. भारवाहू जनावर. विमानवाहू युद्धनौका (विक्रांत २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली तेव्हा पेपरात रोज होती). आणि माझा आवडता, काळजीवाहू सरकार. या चारही शब्दांत पहिलं पद हे कर्म आहे. काय वाहतो? माल. काय वाहतं? भार, विमानं, काळजी. (काळजीवाहू सरकारं ती खरंच वाहतात का, हा वेगळा विषय. असो.)

मी कॉलवर जी माती खाल्ली ती इथेच. मालवाहूच्या साच्यात मी कोरडवाहू घातला आणि 'कोरडेपणा वाहून नेणारं' असं भाषांतर काढलं. आमच्या धंद्यात याला म्हणतात सिंटॅक्स बरोबर, सिमँटिक्स चूक. कंपायलर काही बोलत नाही, प्रोग्रॅम चालतो, उत्तर मात्र भलतंच येतं. कोरडवाहूत 'कोरड' हे कर्म नाहीच. ते कसं वाहतो याचं उत्तर आहे. कोरडं वाहतो. पाटाचं, विहिरीचं, बोअरचं पाणी न देता वाहतो.

कुणी चाणाक्ष वाचक विचारेल, की मग कोरडवाहू शेतकरी ठीक आहे, तो वाहतो. पण कोरडवाहू जमीन कशी? जमीन थोडीच स्वतःला नांगरते? बरोबर प्रश्न. उत्तर त्या शेवटच्या 'ऊ'मध्ये आहे. मराठीतला हा 'ऊ' दोन्ही बाजूंनी चालतो. शिकाऊ डॉक्टर स्वतः शिकतो, टिकाऊ कापड स्वतः टिकतं. पण विकाऊ माल स्वतः काही विकत नाही, तो विकला जातो. टाकाऊ वस्तूही टाकली जाते. सगळ्यात झकास उदाहरण 'खाऊ'. लाचखाऊ माणूस खातो, आणि मुलांसाठी आणलेला खाऊ खाल्ला जातो. एकच प्रत्यय, करणाराही तोच आणि ज्याच्यावर केलं जातं तेही तोच. त्यामुळे कोरडवाहू शेतकरी म्हणजे कोरडं वाहणारा आणि कोरडवाहू जमीन म्हणजे कोरडी वाहिली जाणारी. माणूस आणि जमीन दोघांना एकच विशेषण पुरतं. हे मला फार आवडलं.

शेत वाहणं हे काही फक्त मराठीचं खूळ नाही. पंजाबीत 'वाहुणा' म्हणजे नांगरणं आणि 'वाही' म्हणजे शेती. आमच्या टीममधल्या भटिंड्याच्या मुलाला मी कोरडवाहू सांगितला तर पहिल्या पदाला तो अडला, दुसरं त्याला लगेच कळलं. मूळ संस्कृत 'वह्' धातू, म्हणजे ओढून नेणं, वाहून नेणं. वाहन, वाहतूक, एसटीतला वाहक, प्रवाह, इतकंच काय विवाहसुद्धा त्यातलाच. बैल गाडी ओढतो तेही वाहणं आणि नांगर ओढतो तेही वाहणं. गंमत म्हणजे 'कृषी'मधला 'कृष्' हाही ओढण्याचाच धातू, आकर्षणातला. शेतीला नाव देताना आपल्या पूर्वजांना दोन्ही वेळा बी आठवलं नाही, पाणी आठवलं नाही, पीक आठवलं नाही. आठवली ती ओढ. मातीतून लाकूड ओढत नेण्याचा कष्ट.

हा धातू युरोपातही गेलेला आहे. लॅटिनमधून इंग्रजीत आलेलं 'व्हेइकल' त्यातलं, इंग्रजी 'वॅगन' त्यातलं, जर्मन 'वागेन' त्यातलं. म्हणजे चाकणच्या कारखान्यातल्या फोक्सवॅगनमधला 'वॅगन' आणि पाथरी तालुक्यातल्या कोरडवाहूमधला 'वाहू' हे लांबचे चुलतभाऊ. डच भाषेत गाडीला 'वाखेन' आणि रस्त्याला 'वेख' म्हणतात, तेही याच घरातले. पुढच्या कॉलला मी त्या सहकाऱ्याला आधीचं भाषांतर मागे घेतल्याचं सांगितलं आणि हे नातंही सांगितलं. तो म्हणाला, पहिला अर्थ जास्त सुंदर होता. काय बोलणार!

बरं, कोरडवाहूला दुसरा शब्द आहेच की, जिरायत. त्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. मला कित्येक वर्षं वाटायचं की पाणी जिरतं ती जिरायत. 'पाणी अडवा, पाणी जिरवा'च्या पाट्या वाचत मोठे झालेल्या पोराला दुसरं काय वाटणार? पण जिरणेशी तिचा काही संबंध नाही. तो अरबी शब्द आहे, 'जिराअत', आणि त्याचा अर्थ नुसता 'शेती'. कोरडी नाही, ओली नाही, फक्त शेती. तुर्कस्तानात १८६३ पासूनची एक मोठी सरकारी बँक आहे, 'झिराअत बँकासी'. म्हणजे शेतकी बँक. तिचा आणि आपल्या जिरायतीचा शब्द एकच. आणि बागायत ती फारसी 'बाग'वरून.

म्हणजे बघा, मूळ शब्द 'शेती', त्याचा अर्थ मराठीत 'पावसावरची शेती' असा आकसला. मला यात मोठी अर्थपूर्ण गोष्ट दिसते. शेती म्हटलं की ती पावसावरचीच, हा डिफॉल्ट होता. पाणी देऊन करायची ती बाग, तो अपवाद. आज आपण उलटं बोलतो. पाणी असणं हा नियम आणि कोरडवाहू म्हणजे काहीतरी कमी पडलेलं प्रकरण. प्रत्यक्षात राज्यातल्या शेतीचा फार मोठा हिस्सा अजूनही पावसावरच आहे. डिफॉल्ट बदललेला नाही, फक्त आपल्या बोलण्यात बदललाय.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आमच्याकडे आणखी दोन शब्द होते. खुष्की आणि तरी. खुष्की म्हणजे कोरडी जमीन, तरी म्हणजे ओली, भाताबिताची. खुष्की तुम्हाला ओळखीची आहे, 'खुष्कीचा मार्ग' म्हणजे समुद्रावरून नव्हे तर जमिनीवरून जाणारा रस्ता. आणि तरी तर रोजची. मिसळीवरची तर्री ती हीच, ओलेपणा! सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, वरकस यांच्या रांगेत 'तरी' हा रकाना दिसतो तेव्हा पुण्यातल्या माणसाला वाटतं वाक्य अर्धं राहिलंय. तरी... तरी काय?

उत्तरेकडे याच शेतीला 'बारानी' म्हणतात. बारान म्हणजे पाऊस. इंग्रजीतलं 'रेनफेड' म्हणजे पावसाने पोसलेली. आता चार शब्द शेजारी ठेवा. बारानी आणि रेनफेड पावसाचं नाव घेतात. खुष्की कोरडेपणाचं नाव घेते. या सगळ्यांत फक्त कोरडवाहूमध्ये माणूस आहे. तिथे कुणीतरी औत हाकतंय.

आणि आता पाचवा शब्द. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा उघडून बघा. पिकांच्या क्षेत्राखाली दोन रकाने असतात, 'जल सिंचित' आणि 'अजल सिंचित'. अजल सिंचित! सिंचन पाण्याचंच असतं, दुधाचं नसतं, तरी आधी 'जल' लावलं आणि मग त्याला 'अ' लावून नाकारलं. हा शब्द माझ्या वडिलांना मी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा त्यांना वाटलं मी कुठल्यातरी औषधाचं नाव वाचतोय. शब्द अवघड आहे म्हणून मी चिडत नाही, सरकारी मराठी अवघड असते, चालायचंच. माझा राग त्यातल्या 'अ'वर आहे. हा शब्द शेताबद्दल फक्त एवढंच सांगतो की तिथे काय नाही. कोरडवाहू सांगतो की पाणी नसताना तिथे काय केलं जातं. एक नकार आहे आणि दुसरं काम आहे.

तुम्ही म्हणाल, शब्दांत काय एवढं? तर सांगतो.

कोरडवाहू शेतीत पाणी देता येत नाही, म्हणून शेतकरी हातावर हात ठेवून आभाळाकडे बघत बसतो, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. सिनेमांनीही तेच दाखवलंय. भेगाळलेली जमीन, कपाळावर आडवा हात. खरी गोष्ट अशी की पाणी नसेल तिथेच जास्त वाहावं लागतं. आमच्याकडची काळी जमीन सुकताना भेगा धरते आणि त्या भेगांतून आतली ओल उडून जाते. कोळपं फिरवलं की वरचा थर मोकळा होतो, भेगा बुजतात, तण निघतं, आणि खालची ओल खालीच राहते. म्हणून म्हण पडली, 'एक कोळपणी, अर्धं पाणी'. या चार शब्दांत सगळं कोरडवाहू शास्त्र आहे. इथे औत हाकणं हेच पाणी देणं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात (स्थापना १९७२, आताचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) कोरडवाहू शेतीचं खास संशोधन केंद्र आहे. मूलस्थानी ओल धरा, वेळेवर कोळपा, उताराला आडवं पेरा, रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन घ्या, असल्या शिफारशी बघा. बहुतेक शिफारशी 'कसं वाहा' याच्याच आहेत. रब्बी ज्वारी तर उरलेल्या ओलीवरच निघते. 'परभणी मोती' हे तिथलंच ज्वारीचं वाण, कोरड्यात दाणा भरणारं.

आता पैशांकडे येतो. आपत्तीत पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर जी मदत मिळते, तिचे केंद्राचे २०२२ ते २०२६ साठीचे निकष असे होते. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये. बागायतीला १७,०००. बहुवार्षिक पिकांना २२,५००. मर्यादा दोन हेक्टर. राज्याने मध्यंतरी काही वर्षं वाढवून १३,६००, २७,००० आणि ३६,००० दिले, तीन हेक्टरपर्यंत. आकडे बदलले तरी गुणोत्तर तेच. कोरडवाहू म्हणजे निम्मे.

यामागचा हिशोब मला समजतो. बागायतीला खत जास्त, वीज, पाणी, मजूर जास्त, गुंतवणूक जास्त, म्हणून मदत जास्त. काही अंशी खरंही आहे. पण एकरभर सोयाबीनची बॅग कोरडवाहूला निम्म्या किमतीत मिळत नाही. ट्रॅक्टरवाला नांगरटीचे पैसे घेताना विहीर आहे का ते विचारत नाही. पाऊस ताणला तर दुबार पेरणी कोरडवाहूच्याच नशिबी, म्हणजे बी दोनदा, पेरणी दोनदा. कोळपणी, खुरपणी, वखराच्या पाळ्या यांचे दिवस कुणी मोजायचे? निकष लावणाऱ्यांनी शब्दाचा पहिला अर्धा भाग वाचला. कोरड. त्याचे निम्मे पैसे लावले. 'वाहू'चे पैसे कुठल्याच रकान्यात नाहीत.

आणि सप्टेंबर २०२५. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरी, दुधना, पूर्णा काठची रानं पाण्याखाली गेली. आमच्या शेतात सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं होतं. वडिलांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, त्यात शेत ओळखू येत नव्हतं, फक्त धुऱ्यावरची बाभळ ओळखू आली. त्या शेताची मदत कोणत्या दराने? कोरडवाहू दराने. पाण्यात बुडालेलं कोरडवाहू शेत! यावर काय विनोद करायचा तो तुम्हीच करा, मला सुचला नाही. ऑक्टोबरात राज्य सरकारने जे पॅकेज जाहीर केलं त्यात एक गोष्ट मात्र मला बरी वाटली. रब्बीच्या बियाण्यासाठी आणि पेरणीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे धरले आणि ते कोरडवाहू, बागायती सगळ्यांना सारखे. म्हणजे पेरायचा खर्च सगळ्यांना तोच येतो, हे कुठेतरी कुणाला तरी माहीत आहे. मग तेच खरिपाच्या नुकसानीला का लागू होत नाही?

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. गावातल्या पंधरा-वीस शेतकऱ्यांच्या गटासाठी मी सुट्टीत एक छोटं ॲप केलं होतं. पेरणी, खर्च, उत्पन्न टिपायला. त्यात प्रत्येक शेताला एक फील्ड ठेवलं, 'सिंचित? होय / नाही'. बूलियन. सोपं, स्वच्छ, टेबलात एक बिट. वडिलांनी भरायला घेतलं आणि दहाव्या मिनिटाला फोन.

"अरे, तुरीला शेजाऱ्याच्या बोअरचं एक पाणी दिलंय फुलोऱ्यात. मग होय दाबू का नाही दाबू?"

मी म्हटलं, नाही दाबा.

"मग ते पाणी कुठं लिहू? आठशे रुपये दिलेत त्याला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर जे सगळं मी सरकारी नमुन्याबद्दल बोललो, तेच मी स्वतः केलं होतं. नसणं मोजलं होतं. मग ते फील्ड काढून टाकलं आणि त्याजागी दोन याद्या ठेवल्या. 'किती पाणी दिलं' आणि 'किती वेळा वाहिलं'. नांगरट, वखराच्या पाळ्या, पेरणी, दुबार असेल तर ती, कोळपण्या, खुरपण्या, प्रत्येकीची तारीख आणि खर्च. पहिल्या हंगामाची नोंद आली तेव्हा आमच्या तुरीच्या खाली पाण्याची एक ओळ होती आणि वाहण्याच्या अकरा. डेटाबेस थोडा जड झाला. चालतंय.

वडिलांना या शब्दाच्या भानगडीत फारसा रस नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांचं मत, कोरडवाहू म्हणा नाहीतर अजल सिंचित म्हणा, नावानं विहिरीला पाणी येत नाही. त्यांना विहिरीला पाणी आलेलं हवंय आणि आलं तर ते 'कोरडवाहू' हा शब्द त्याच दिवशी सोडून देतील, मागे वळूनही बघणार नाहीत. मला त्यात वावगं वाटत नाही. शब्द जपायला कुणी कोरडं राहावं अशी माझी मागणी नाही. माझं म्हणणं इतकंच की जोवर ते कोरडं वाहतायत तोवर हिशोबात ते वाहणं धरा. आणि अर्जावर शब्द ठेवायचाच असेल तर ज्यात ते दिसतात तो ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटी एका रविवारी हे सगळं मी त्यांना फोनवर सांगत होतो. वह् धातू, पंजाबी, फोक्सवॅगन, सगळं. ते ऐकत होते, मधून 'हं' म्हणत होते. मग म्हणाले, "बरं झालं बघ, इतकं शोधलंस. आता ऐक. वरच्या तुकड्याला वाफसा यायलाय. परवा हरभरा पेरायचाय. डिझेलला पैसे टाकतोस का आज?"